जुनी मोटार आणि उपग्रहांचा वेगमापक

मोटार हांकणाऱ्यास ज्या गोष्टी क्षणोक्षणीं कळावयास पाहिजेत, त्यांत आपल्या गाडीचा खरा वेग ही मुख्य होय. नव्या गाडींत हें काम बहुधा सुरळीत चालतें. परंतु वडिलांनीं किंवा आजोबांनीं घेतलेली जुनी गाडी आपल्याकडे कित्येक घरीं अद्याप प्रेमानें जतन केलेली असते. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली पद्मिनी, किंवा उत्तरपाड्याच्या कारखान्यांत २०१४ सालापर्यंत तयार होत असलेली अँबॅसडर, हीं अशा गाड्यांचीं ओळखीचीं उदाहरणें होत. अशा गाडीच्या वेगमापकाचा कांटा थरथरूं लागला किंवा अजीबात निजून राहिला, म्हणजे उपग्रहांच्या साहाय्यानें वेग दाखविणारें लहानसें यंत्र बसवावें असा विचार सुचतो. तें यंत्र काय करतें, कसें बसवावें व त्यावर कितपत विसंबावें, ह्याचा आम्ही येथें क्रमानें विचार करणार आहोंत.

प्रथम जुना कांटा कसा फिरतो तें पाहूं. गिअरबॉक्समधून निघालेली एक लवचीक तार नळींतून वेगमापकापर्यंत येते व चाकांच्या वेगाच्या प्रमाणांत स्वतःभोंवतीं फिरते. तिच्या टोंकास एक लोहचुंबक असतो व त्याच्याजवळ, पण त्यास न चिकटतां, अॅल्युमिनियमची हलकी वाटी असते. अॅल्युमिनियम चुंबकाकडे ओढलें जात नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत पाहिलेंच असेल. मग वाटी कां वळते? चुंबक फिरूं लागला म्हणजे वाटीच्या धातूंत विजेचे भोंवरे उत्पन्न होतात, आणि ते वाटीला चुंबकाच्या दिशेनें फिरवूं पाहतात. उलटपक्षीं एक नाजुक स्प्रिंग तिला मागें खेंचीत असते. ह्या दोन ओढी जेथें समतोल होतात तेथें कांटा थांबतो. स्ट्रासबुर्ग येथील ओटो शुल्झे ह्यानें १९०२ सालीं ह्या युक्तीचें पेटंट घेतलें.

युक्ति सुंदर खरी. पण ती रस्ता मोजीत नाहीं, चाकाचे फेरे मोजते. चाकाचा व्यास टायरसकट ६० सेंटिमीटर असेल, तर एका फेऱ्यांत गाडी सुमारें १८८ सेंटिमीटर पुढें जाते. ६३ सेंटिमीटरचें चाक बसविलें तर सुमारें १९८. कांट्यास हा फरक कळत नाहीं. तो ताशीं ६० किलोमीटर दाखवीत असतां गाडी ६३ च्या वेगानें धांवत असते. टायर झिजलें म्हणजे ह्याच्या उलट घडतें. शिवाय चुंबक क्षीण झाला तर कांटा कमी दाखवितो आणि स्प्रिंग सैल झाली तर जास्त. ह्या दोहोंपैकीं कमी दाखविणें अधिक घातक होय. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या मोटारविषयक नियमांत असें सांगितलें आहे कीं, वेगमापकानें खऱ्या वेगाहून थोडें अधिक दाखविलें तर चालेल, पण कमी कधींहि दाखवूं नये.

आतां उपग्रहांकडे वळूं. अमेरिकेच्या जी. पी. एस. योजनेंतील पहिला उपग्रह १९७८ सालीं सोडण्यांत आला व १९९५ सालीं ती योजना पूर्णत्वास पोहोंचली. भारताच्या इस्रो संस्थेनेंहि २०१३ पासून ‘नाविक’ मालेंतील उपग्रह सोडले आहेत. जी. पी. एस. चे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि प्रत्येकाजवळ अत्यंत बिनचूक असें आण्विक घड्याळ असतें. उपग्रहाची रेडिओ-लहर निघाल्यापासून पोहोंचेपर्यंत किती वेळ लागला, ह्यावरून त्याचें अंतर कळतें. तीन अंतरांवरून स्थान निघतें. पण आपल्या यंत्रांतील स्वस्त घड्याळाची चूक काढून टाकण्यास चौथा उपग्रह लागतो. बीजगणितांत चार अज्ञातांस चार समीकरणें लागतात, तोच हा न्याय.

ह्या स्थानांवरून वेग काढतां येईल. परंतु स्थानांत कांहीं मीटरांची चूक राहूं शकते. म्हणून हीं यंत्रें बहुधा दुसरा मार्ग धरतात. आगगाडी शिटी वाजवीत जवळ येते तेव्हां स्वर चढा लागतो व दूर जातांना उतरतो, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. १८४२ सालीं डॉप्लर ह्या शास्त्रज्ञानें ह्याचें तत्त्व मांडलें. उपग्रहाच्या लहरीची कंपनें सेकंदास १५७ कोटी ५४ लक्ष २० हजार असतात. एखादी वस्तु ताशीं ६० किलोमीटर वेगानें सरळ उपग्रहाच्या रोखानें जाऊं लागली, तर त्यांत अवघ्या ८७-८८ कंपनांची भर पडते! उपग्रहाची स्वतःची गति आधींच ठाऊक असल्यामुळें ती वजा करून, अनेक उपग्रहांकडील असे सूक्ष्म फरक जुळवून, यंत्र आपला वेग सांगतें. चाकाचा व्यास कितीहि असो, त्यास पर्वा नाहीं.

मात्र त्याच्याहि मर्यादा आहेत. बोगद्यांत शिरतांच आकाश दिसेनासें होतें, आणि यंत्र मुकें होतें किंवा जुनाच आंकडा दाखवीत राहतें. वेग एकदम बदलला तर आंकडा किंचित् मागें राहतो. गाडी सुरू केल्यावर उपग्रह सांपडण्यास थोडा वेळ जातो.

बसवितांना पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. यंत्र कांचेखालीं, आकाश मोकळें दिसेल पण चालकाची दृष्टि अडणार नाहीं, अशा जागीं असावें. पत्र्याच्या छपराखालीं तें निरुपयोगी. वीज चावी फिरविल्यावरच चालू होणाऱ्या तारेंतून घ्यावी, नाहीं तर बॅटरी उतरेल. आणि जोडाच्या जवळच लहान फ्यूज घालावा, कारण जुन्या तारांचें वेष्टण विरलेलें असतें. कांहीं जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असतें. तें न पाहतां जोडणी केल्यास यंत्र जळण्याचा संभव आहे. जुनी तार मात्र काढूं नये, ती दुरुस्त करून घ्यावी. किती किलोमीटर चाल झाली त्याची नोंदहि तीच फिरविते, आणि ती नोंद खरी राहणें हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

यंत्र नसलें तरी कांट्याची परीक्षा करतां येते. मोकळ्या रस्त्यावर वडिलांनीं कांटा ६० वर स्थिर ठेवावा, आणि शेजारीं बसलेल्या मुलानें किलोमीटरच्या दगडांवर घड्याळ धरावें. पांच किलोमीटरांस बरोबर ५ मिनिटें लागलीं तर कांटा खरा. साडेपांच लागलीं, तर खरा वेग सुमारें ५४॥ समजावा.

इतकी काटेकोर चौकशी कशासाठीं, असें कोणी विचारील. ताशीं ६० च्या वेगांत गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडण्यापूर्वींच तेवढें अंतर सरतें. शिवाय ४० च्या वेगाच्या मानानें ६० ला गाडींतील शक्ति सव्वादोन पट असते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. शाळा सुटतेवेळीं रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या दृष्टीनें ह्या आंकड्यांचा अर्थ निराळा सांगावयास नको. उपग्रह खरा वेग सांगतील. पण पाय उचलण्याचें काम ते करणार नाहींत. तें चालकाचेंच आहे, आणि उद्यांचे चालक आमचे आजचे विद्यार्थी आहेत.