हात लावून पाहावे असे संग्रहालय

उन्हाळ्याची वा दिवाळीची सुट्टी लागली की घरोघरी सहलीचा विषय निघतो. चौपाटी, राणीची बाग, एखादे लेणे, नाहीतर सरळ गावी जाणे, एवढ्यावर तो बहुधा थांबतो. या यादीत विज्ञान केंद्राचे नाव क्वचितच असते. "तिथे शाळावाले नेतातच की," असे काही पालक म्हणतात. "आम्हाला त्यातले काय कळणार?" असे काही म्हणतात. यांपैकी दुसरे उत्तर आम्हास अधिक विचार करावयास लावते. ज्या घरात शिक्षण एक-दोन पिढ्यांपूर्वीच आले, त्या घरातील आई-वडील मुलांच्या वह्या-पुस्तकांपासून स्वतःला जरा लांबच ठेवतात. मूल सातवी-आठवीत गेले की अभ्यास हा त्याचा एकट्याचा प्रांत होतो. मग "अभ्यास झाला का?" आणि "झाला" एवढेच संभाषण उरते. हे मौन मोडण्यास विज्ञान केंद्राइतकी सोयीची जागा आमच्या पाहण्यात दुसरी नाही. म्हणून ही केंद्रे कशी निघाली, तेथे काय असते व कुटुंबाने तेथे दिवस कसा घालवावा, याविषयी चार गोष्टी येथे मांडीत आहोत.

संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आणि "हात लावू नका" ही पाटी डोळ्यांपुढे येते. (हे शब्द आमच्या वडीलधाऱ्यांनी केवळ संग्रहालयातच ऐकलेले नाहीत, त्याविषयी येथे अधिक सांगण्याची गरज नाही.) विज्ञान केंद्रात नेमकी उलट रीत असते. हात लावल्याशिवाय तेथे काही कळतच नाही. या रीतीचा पाया जर्मनीत म्युनिक येथे घातला गेला. ऑस्कर फॉन मिलर या अभियंत्याच्या पुढाकाराने १९०३ साली तेथे जर्मन संग्रहालय स्थापन झाले आणि प्रेक्षकाने दांडा फिरवावा, कळ दाबावी, यंत्र स्वतः चालवून पाहावे अशी सोय त्यात करण्यात आली.

पुढचे मोठे पाऊल अमेरिकेत पडले. फ्रँक ओपेनहायमर हे अणुबॉम्बच्या प्रकल्पात आपल्या थोरल्या भावाबरोबर काम केलेले पदार्थवैज्ञानिक होते. १९४९ साली राजकीय मतांच्या चौकशीपायी त्यांना विद्यापीठातील जागा सोडावी लागली. नंतरची काही वर्षे त्यांनी कोलोरॅडो राज्यात गुरे पाळली व तेथील एका लहान गावच्या शाळेत विज्ञान शिकविले. साध्या वस्तू मुलांच्या हातात देऊन शिकविण्याचा हा अनुभव घेऊन त्यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात 'एक्सप्लोरेटोरियम' उघडले. शाळेत नापास होता येते, संग्रहालयात कोणी नापास होत नाही, असे ते म्हणत. आम्हास हा विचार फार मोलाचा वाटतो. ज्या मुलांना गणित-विज्ञानाच्या गुणपत्रिकेची धास्ती असते, त्यांच्यासाठी तर अशी एखादी जागा असायलाच हवी.

आपल्या देशात १९५९ साली कलकत्त्याचे बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय सुरू झाले. त्यानंतर बंगळूर येथे विश्वेश्वरय्या संग्रहालय निघाले आणि १९७८ साली या कामासाठी राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. मुंबईत वरळी येथे १९७९ साली मुलांसाठी खुले विज्ञान उद्यान तयार झाले. त्याच आवारात ११ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते नेहरू विज्ञान केंद्राचे उद्घाटन झाले. नागपूरला गांधीसागर तलावाजवळ रमण विज्ञान केंद्र १९९२ साली सुरू झाले व १९९७ साली त्याला तारांगणाची जोड मिळाली. इतर निमित्ताने नागपूरला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी एक दिवस वाढवून ते अवश्य पाहावे. मात्र गर्दीचे दिवस टाळावेत.

आता तेथे काय घडते ते पाहू. अशा केंद्रांत कप्प्यांची खुर्ची बहुधा असते. खुर्चीत बसायचे आणि समोरची दोरी ओढून स्वतःलाच वर उचलायचे. एका सहलीत आम्ही पाहिलेला प्रसंग सांगतो. आठवीतील एका मुलाने खुर्चीत बसून कप्पीची व्याख्या धडाधड म्हणून दाखविली. त्याची आई चौथीपर्यंत शिकलेली, लहानपणी गावच्या विहिरीवर पाणी भरलेली. ती म्हणाली, "आमच्या विहिरीवर कप्पीने घागर काही हलकी होत नसे. फक्त वाकावं लागत नसे. मग इथंच कसं हलकं लागतं?"

मुलगा गप्प झाला, कारण प्रश्न पुस्तकात नव्हता. पण तो अगदी नेमका होता. वर पक्क्या बांधलेल्या एका कप्पीने ओझे कमी होत नाही, केवळ ओढण्याची दिशा बदलते. वर खेचण्याऐवजी आपण खाली ओढतो व अंगाचा भार कामी येतो. ओझे हलके होते ते दोरीचे पदर वाढल्यावर. मायलेकरांनी मग खुर्चीला धरणारे पदर मोजले. माणूस आणि खुर्ची मिळून साठ किलो भार असेल आणि तो हातातला पदर धरून चार पदरांत वाटला गेला, तर प्रत्येक पदरावर पंधरा किलोच येतो. घर्षण सोडले तर तेवढेच ओढावे लागते. पण फुकट काहीच नाही. एक फूट वर जायला दोरी चार फूट ओढावी लागते. हे आईने आधी ओळखले, कारण तिचे लक्ष दोरीच्या ढिगाकडे होते! त्या दिवशी विज्ञान कोणी कोणाला शिकविले, हे सांगणे कठीण आहे.

दुसरी पाहण्याजोगी वस्तू म्हणजे दोलक, साध्या भाषेत झोका. उद्यानात सारख्या लांबीचे दोन झोके असतील तर एकावर वडिलांनी बसावे, दुसऱ्यावर मुलाने. आधी सर्वांना विचारावे, जड माणसाचा झोका लवकर परत येईल की हलक्याचा? बहुतेक मोठी माणसेही जडाच्या बाजूने मत देतात. बेताचे झोके घेतले तर दोघे जवळजवळ बरोबरीने येतात-जातात. झोक्याला लागणारा वेळ वजनावर नव्हे तर दोरीच्या लांबीवर ठरतो. लांबी चौपट केली तर वेळ दुप्पट होतो. पाठ करून हे वर्षभरात विसरले जाते. आपल्या बापाला झोक्यावर बसवून पाहिलेले सहसा विसरले जात नाही.

चुंबकाची नळी पाहताना मात्र घाई करू नये. तांब्याच्या वा ॲल्युमिनियमच्या जाड नळीत साधा लोखंडी तुकडा सोडला तर तो क्षणात खाली पडतो. त्याच मापाचा शक्तिमान चुंबक सोडला तर रेंगाळत, कोणी धरून ठेवल्यासारखा उतरतो. तांब्याला तर चुंबक चिकटत नाही, मग हे कसे? सरकत्या चुंबकामुळे नळीच्या धातूत गोल फिरणारे विद्युतप्रवाह उत्पन्न होतात आणि त्या प्रवाहांचे चुंबकत्व पडणाऱ्या चुंबकाला विरोध करते. जुन्या पद्धतीच्या विजेच्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची तबकडी फिरताना दिसते. तिचा वेग आवरण्यासाठी बसविलेला चुंबक याच तत्त्वावर काम करतो.

एकमेकांकडे तोंड करून दूर उभ्या केलेल्या दोन मोठ्या वाट्यांजवळही कुटुंबे रमतात. एकीच्या नाभीपाशी कुजबुजले की आवाज समांतर होऊन दुसरीकडे जातो आणि तेथे पुन्हा एका बिंदूत गोळा होऊन कानी पडतो. मधे उभ्या असलेल्याला काही ऐकू येत नाही. दोन शंकू जोडून केलेली लाकडी चाती चढावर आपोआप चढताना दिसते, तिच्याकडे मात्र बाजूने वाकून पाहावे. रूळ पुढे फाकत जात असल्याने तिचा मध्य खरे तर खालीच येत असतो. समोरून ती चढते, बाजूने ती उतरते.

दिवस कसा घालवावा, याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. जेवणापूर्वी एक दालन, जेवणानंतर दुसरे किंवा उद्यान, एवढे पुरे. भिंतीवरची माहिती आधी वाचू नये. आधी हात, मग अंदाज, मग वाचन, हा क्रम ठेवावा. मुलाने काही करण्यापूर्वी "काय होईल असे वाटते?" एवढेच विचारावे आणि त्याचा अंदाज चुकला तर हसू नये. सगळीच उपकरणे सारख्या मोलाची नसतात, हेही लक्षात घ्यावे. बटण दाबले, दिवे लागले आणि मूल पुढच्या बटणाकडे धावले, यात करून पाहणे फारसे नाही. आपण हात बदलला की परिणामही बदलतो, अशा उपकरणापाशी अधिक वेळ द्यावा. काही ठिकाणी दोन-चार उपकरणे बंदही आढळतात. तेथे खंत करीत उभे न राहता पुढे जावे.

आणखी एक गोष्ट वारंवार आमच्या नजरेस आली आहे. भाऊ उपकरणाला भिडतो आणि बहीण पिशव्या, पाण्याची बाटली व धाकट्याला सांभाळत मागे उभी राहते. तिला कोणी मागे ढकललेले नसते, पण पुढेही कोणी बोलाविलेले नसते. पिशव्या ठेवण्याची सोय प्रवेशाशीच विचारून घ्यावी. ती नसेल तर दर तासाला पिशव्यांचा मालक बदलावा, आणि पहिली पाळी वडिलांची असावी.

जाण्यापूर्वी केंद्राच्या वेळा, सुट्टीचे दिवस व शाळा-संस्थांच्या गटांसाठी असलेली तिकिटाची सवलत चौकशी करून माहीत करून घ्यावी. दूरच्या गावांतील शाखांसाठी आणखी एक मार्ग आहे. कलकत्त्याच्या संग्रहालयाने १९६५ साली बसमधून फिरते विज्ञान प्रदर्शन सुरू केले आणि पुढे इतर केंद्रांनीही असे उपक्रम केले. आपल्या भागात अशी गाडी आणता येईल का, याची विचारणा संस्थेच्या पत्रावर जवळच्या केंद्राकडे करण्यास काहीच हरकत नाही.

परत आल्यावर घरात एक प्रयोग करावा. त्याला पैसा लागत नाही. दोऱ्याला किल्ली बांधून, टांगण्याच्या जागेपासून किल्लीच्या मध्यापर्यंत पंचवीस सेंटिमीटर अंतर ठेवावे व हळूच झुलवावे. जाऊन परत येण्याचे दहा हेलकावे मोजले तर सुमारे दहा सेकंद लागतात. हेच अंतर एक मीटर केले तर दहा हेलकाव्यांना सुमारे वीस सेकंद लागतील. किल्लीच्या जागी कुलूप बांधले तरी वेळ तोच. आता विद्यार्थ्यांनी असे करावे : दहा हेलकाव्यांना तीस सेकंद लागावेत इतका दोरा किती लांब घ्यावा लागेल, ते आधी कागदावर काढावे आणि मग आईला किंवा आजीला घड्याळ धरावयास सांगून पडताळून पाहावे. दाराची चौकट त्याला पुरणार नाही, जिन्याचा कठडा लागेल.