फोटो 'केबी'त बसवताना : मोफत ऑनलाइन साधने आणि मुलांची कागदपत्रे



नवोदयचे फॉर्म सुरू झाले की आमच्या पालक ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, "सर, फोटो अपलोड होईना, काय करू?" साताऱ्याचे नवोदय खावलीला, सांगलीचे पलूसला, पण अडचण दोन्हीकडे तीच. मोबाईलने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा आणि फॉर्मला हवा १० ते १०० केबीचा. मग आपण गुगलवर "फोटो साईज कमी करा" असे टाकतो, पहिली दिसेल ती साईट उघडतो आणि काम उरकतो. मीही तेच करायचो.

दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या गडबडीत वर्गातल्या २३ मुलांचे आधार आणि पासबुक मी अशाच एका साईटवर टाकून त्यांची एक पीडीएफ केली. मोठे हिरवे 'डाऊनलोड' बटण दाबले, तर ती निघाली जाहिरात! खरे बटण खाली बारीक अक्षरात होते. त्या दिवसापासून मोबाईलवर लॉटरीच्या सूचना यायला लागल्या. त्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद केल्या. पण मुलांची कागदपत्रे कुठल्या सर्व्हरवर राहिली, ते मला आजही सांगता येणार नाही. पुढे एका आईने सहज विचारलं, "सर, आमचं आधार तुमच्याकडंच आहे न्हवं?" मी हो म्हणालो. ते अर्धंच खरं होतं.

ही मोफत साधने दोन प्रकारची असतात. काही साधने आपली फाईल त्यांच्या सर्व्हरवर नेतात, तिथे काम करतात आणि परत देतात. काही मात्र आपल्याच मोबाईलच्या ब्राउझरमध्ये काम करतात, फाईल बाहेर जातच नाही. आयलव्हपीडीएफसारख्या नावाजलेल्या साईट फाईल दोन तासांत पुसतो असे सांगतात. नाव न ऐकलेल्या साईटचे काय? मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने इशाराच दिला होता, की फाईल बदलून देणारी काही मोफत साधने त्या फाईलमधली माहिती चोरतात आणि व्हायरसही घालतात.

ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो. गुगलच्या मंडळींनी बनवलेली 'स्क्वूश' नावाची साईट उघडा. पान पूर्ण दिसू लागले की मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका आणि मग फोटो निवडा. नेट नसतानाही फोटो लहान होतो, म्हणजे तो तुमच्याच मोबाईलवर लहान झाला. हीच परीक्षा दुसऱ्या कुठल्याही साईटला लावून बघा. काम झाल्यावर टॅब बंद करून मगच नेट चालू करा.

खरं तर बऱ्याचदा साईट लागतच नाही. केबी का वाढतात ते आधी बघू. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. फॉर्मवरच्या चौकटीला ३०० बाय ४०० ठिपके भरपूर झाले. म्हणून आधी गॅलरीतच फोटो कापा, चेहरा आणि खांदे तेवढे ठेवा. मग तो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, पण 'डॉक्युमेंट' म्हणून नको, साधा फोटो म्हणून. व्हॉट्सॲप तो आपोआप लहान करते. तरीही मोठा वाटला तर शाळेच्या संगणकावर 'पेंट'मध्ये 'रिसाईझ' करा.

फोटोची पीडीएफ करायची असेल तर अँड्रॉइडवर बहुतेक ठिकाणी 'प्रिंट' दाबून 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडता येते. अनेक पाने एकत्र हवी असतील तर गुगल ड्राइव्हच्या ॲपमधला 'स्कॅन' वापरा. त्यात फाईल आपल्याच खात्यात जाते. (जून २०२० मध्ये कॅमस्कॅनरवर बंदी आल्यावर कित्येक शिक्षक गोंधळले होते, त्यांच्यासाठी हा मार्ग आहे.)

मग ऑनलाइन साधने वापरायचीच नाहीत का? वापरा की! जुन्या श्रीलिपीतल्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर फार उपयोगी आहेत, फक्त नंतर रफार आणि जोडाक्षरे नीट तपासा. (व्हायची असलेली परीक्षा मात्र टाकू नका.) क्यूआर कोडचेही तसेच. पण काही साईटचे मोफत कोड त्यांच्याच साईटवरून फिरून जातात आणि मुदत संपली की बंद पडतात. भिंतीवर रंगवल्यावर ते कळलं तर पंचाईत. त्यापेक्षा क्रोममध्ये पान उघडून 'शेअर'मधून कोड काढा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आमच्या शाळेत आता जिथे चालतं तिथे मी 'मास्क्ड आधार'च मागतो. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते यूआयडीएआयच्या साईटवरून मिळते. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरे आणि जन्मवर्ष. हा पासवर्ड काढायलाही लोक साईट शोधतात! फाईल संगणकावर क्रोममध्ये पासवर्ड टाकून उघडा आणि 'प्रिंट'मधून पुन्हा पीडीएफ म्हणून ठेवा, पासवर्ड गेलेला असतो.

आणि पालकहो, नेट कॅफेत फॉर्म भरला असेल तर उठण्याआधी 'डाऊनलोड्स' फोल्डरमधून आपल्या फाईल काढा, रिसायकल बिनमधूनही काढा, आणि ईमेलमधून लॉगआऊट करा.