बुद्धिभेद आणि साथीच्या देवता
(अध्याय ३, श्लोक २५ व २६)

कर्मात आसक्त असलेल्या अज्ञ जनांचा ज्ञानी पुरुषाने बुद्धिभेद करू नये. स्वतः योगयुक्त राहून, आपल्या आचरणाने, त्यांच्याकडून योग्य कर्म करवून घ्यावे, असे भगवंत येथे सांगतात. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी या ठिकाणी तान्ह्या बालकाचा दृष्टान्त योजला आहे: दूधसुद्धा ज्याला प्रयासाने प्यावे लागते, त्याला पक्वान्ने कशी झेपावीत? परंतु अज्ञ जनांच्या समजुतीत इतरांना घातक असे काही असेल तर काय करावे? साथीच्या काळात हा प्रश्न फार निकडीचा होतो.

जबलपूर शहरात भानतलैया येथे बडी खेरमाईचे देवालय आहे. खेरा म्हणजे गाव. खेरमाई ही गावाची राखणदार माता. नवरात्रात तिच्यापुढे जवारे पेरले जातात. महाकोशलात पटकीची मरहाईमाता आणि देवीच्या रोगाची शीतला यांचीही उपासना होत आली. तेथील मराठी कुटुंबांना यात परके काहीच नव्हते. महाराष्ट्रात मरीआई आहे, आणि मराठीने तर त्या रोगालाच 'देवी' म्हटले. रोग्याच्या अंथरुणाशी कडुनिंबाचा डहाळा ठेवावा, घरात फोडणी देऊ नये, बाहेरच्या माणसाने आत येऊ नये, असे दंडक होते. डहाळ्याने देवी बऱ्या होत नसत, हे खरे. पण तो दारी दिसला की शेजारी उंबऱ्याबाहेर थांबत. संसर्ग तुटण्यास तेवढ्याचेही साहाय्य होई.

दुसरी चाल मात्र निराळ्या जातीची. पटकी आली की मरीआईचा गाडा पूजा करून गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेपलीकडे न्यावा. म्हणजे आपले संकट शेजाऱ्याच्या दारी! सतराव्या अध्यायाच्या १९व्या श्लोकात, दुसऱ्याच्या नाशासाठी केलेल्या तपाला तामस म्हटले आहे. गाडा ओढणाऱ्यांच्या मनात द्वेष नसेल, भीतीच असेल. तरी पहिल्या चालीत मनुष्य स्वतःला आवरतो आणि दुसरीत दुसऱ्यावर ढकलतो, हा भेद ज्ञान्याने ओळखावयाचा आहे.

तो ओळखून लोकांना वळवावे कसे, याचे उत्तर देवीच्या लसीत सापडते. माता कोपेल या भयाने अनेकांनी मुलांना लसीपासून दूर ठेवले. पण लस टोचण्याला मराठीत 'देवी काढणे' हाच शब्दप्रयोग रूढ झाला, आणि टोचणारा 'देवी डॉक्टर' ठरला. मातेला न दुखविता लस घरात आली. भारतात १९७५ साली देवीचा शेवटचा रोगी आढळला आणि १९८० मध्ये जग या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. शीतलेची पूजा त्यानंतरही चालूच आहे. तेव्हा ती केवळ भयाची पूजा होती असे कसे म्हणावे?

हिंदुधर्म जेथे नांदतो त्या बाली बेटावरही असेच दिसते. पावसाळ्यातील सहावा महिना तेथे रोगाचा मानतात; त्या दिवसांत नुसा पेनिडा बेटावरून समुद्र ओलांडून येणाऱ्या शक्तींपासून रक्षण व्हावे म्हणून तांबडा, पांढरा व काळा असा तिहेरी दोरा मनगटी बांधतात. शकवर्षाच्या आरंभी 'न्येपी' पाळतात. त्या दिवशी अग्नी, काम, प्रवास व करमणूक ही चारही वर्ज्य. न्येपी हा काही रोगनिवारणाचा विधी नव्हे. तथापि २०२० मध्ये तो २५ मार्चला आला. तोच आपला गुढीपाडवा, चैत्र नवरात्राचा पहिला दिवस, आणि भारतातील टाळेबंदीचाही पहिला दिवस.

मध्य प्रदेशातील करोनाचे पहिले रोगी त्याआधी पाचच दिवस, २० मार्चला, जबलपुरातच आढळले होते. देशभरची देवालये भाविकांना बंद झाली. नवरात्रात खेरमाईला जाण्याचा ज्यांचा पिढ्यांचा नेम, त्यांची ही कसोटी होती. अशा घरातील वडीलधाऱ्याने पाडव्याचा कडुनिंब खाऊन घरीच आरती केली असेल, तर मुलासुनांना निराळे काही सांगावे लागले नसणार. २१व्या श्लोकातील 'श्रेष्ठ' या शब्दाचा अर्थ येथे इतकाच घ्यावयाचा आहे.