लाल टिकलीच्या दिवसांत

गॅलरीत काम करून मला तेवीस वर्षं झाली. नोव्हेंबर ते मार्च हा आमचा हंगाम. त्यात शिकलेल्या या चार गोष्टी.

१. उद्घाटनाच्या संध्याकाळवरून बाजार ओळखू नये. महालक्ष्मी रेसकोर्सवरचं आर्ट मुंबई असो की दिल्लीत ओखल्याला भरणारा इंडिया आर्ट फेअर, पहिल्या दिवशी सगळेच खुशीत असतात. खरा अंदाज दुसऱ्या दिवशी दुपारी येतो. आमची भिंत नऊ फुटांची आहे, त्यावर हे बसेल का, असं कुणी विचारलं की मी खुर्ची पुढे करते. ‘फोटो पाठवून ठेवा’ म्हणणारे बहुधा परत येत नाहीत.

२. लिलावाच्या छापून येणाऱ्या आकड्यात खरेदीदाराकडून घेतलेलं लिलावगृहाचं शुल्कही धरलेलं असतं. हातोडा त्याहून कमी रकमेवर पडलेला असतो.

३. विक्रमाची ऊब सगळ्यांपर्यंत पोचत नाही. मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चित्रकार हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ सुमारे ११८ कोटींना गेलं. सप्टेंबरात गायतोंडे यांचं १९७०चं एक चित्र ६७ कोटींना. दुसऱ्या दिवशी आमचे फोन थांबेनात. प्रत्येकाच्या माळ्यावर एखादं जुनं चित्र होतं. त्याच आठवड्यात आमच्याकडे एका तरुण चित्रकर्तीचं प्रदर्शन चालू होतं. तिच्या एकाही चित्राखाली विकल्याची लाल टिकली लागली नाही. गायतोंडे २००१ साली गेले, फारसा गाजावाजा न होता. हे कोटी त्यांनी पाहिले नाहीत. मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा वारसांना वाटा मिळावा, अशी तरतूद कॉपीराइट कायद्यात आहे. तेवीस वर्षांत तो वाटा कुणाच्या हाती पडलेला मी पाहिला नाही. याचा मला राग येतो, दर हंगामात येतो.

४. चित्राच्या भावाचं भाकीत करू नये. मी केलं होतं. २००७ची तेजी होती, एका नवख्या चित्रकाराचं मोठं कॅनव्हास मी एका गृहस्थांना ‘दोन वर्षांत दुप्पट होईल’ म्हणून दिलं. २००८च्या मंदीनंतर ते विकायला घेऊन आले, तेव्हा निम्म्या भावालाही कुणी हात लावेना. ते एक शब्द बोलले नाहीत. चित्र गाडीत ठेवून निघून गेले. तेजीत चढवून ठेवलेल्या भावाने चित्रकाराचंही नुकसान झालं. खाली उतरावं तर आधीचे ग्राहक दुखावतात, न उतरावं तर नवे येत नाहीत. त्याने शाळेत कलाशिक्षकाची नोकरी धरली.

गेल्या वर्षी त्या गृहस्थांकडे गेले होते. चित्र जेवणाच्या टेबलासमोर लावलेलं, खालचा कोपरा उन्हाने थोडा फिकटलेला. निघताना त्यांनी चित्रकाराचा नंबर मागितला. मी कागदावर लिहून दिला.