नदीच्या गाळातील पारा

मुलांनो, जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगर आहे. तेथे कोळसा जाळून वीज तयार करतात. जवळूनच तापी नदी वाहते. आपल्या घरातला दिवा अशा विजेवर लागतो. पण कोळशाबरोबर आणखी एक पदार्थ भट्टीत जातो. तो म्हणजे पारा. उर्दूतही त्याला पाराच म्हणतात.

कोळशात पारा अगदी थोडा असतो. पण मोठ्या वीज केंद्रात रोज हजारो टन कोळसा जळतो. पारा 357 अंश सेल्सिअसला उकळतो. भट्टी त्याहून कितीतरी जास्त तापलेली असते, म्हणून पाऱ्याची वाफ होते. काही वाफ धुराड्यातून बाहेर पडते, तर काही पारा राखेला चिकटतो. म्हणून अशा केंद्रांचा धूर आणि राख यांवर नीट लक्ष ठेवावे लागते.

नदीत गेलेला पारा मातीच्या कणांना चिकटून तळाशी बसतो. वरचे पाणी स्वच्छ दिसते. पण गाळातील जीवाणू पाऱ्याचे आणखी विषारी रूप तयार करतात. ते आधी किड्यांत, मग लहान माशांत आणि शेवटी मोठ्या माशांत साठत जाते. असे मासे नेहमी खाल्ले, तर मेंदूला इजा होते. आईच्या पोटातील बाळाला तर जास्तच धोका असतो.

जपानमधील मिनामाता गावी हेच घडले. एका कारखान्याचे सांडपाणी समुद्रात जात होते. तेथील मासे खाऊन माणसे आजारी पडली. 1956 साली हा रोग उघडकीस आला. पुढे पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी अनेक देशांनी करार केला. 2018 साली भारतही त्यात सामील झाला.

आपल्या राज्यात कल्याणजवळून वाहणाऱ्या उल्हास नदीच्या खाडीतील गाळातही शास्त्रज्ञांना पारा आढळला. तो मुख्यतः कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतून आला होता.

पारा कुजत नाही, जळून नष्टही होत नाही. म्हणून तो पाण्यात जाण्याआधीच अडवला पाहिजे. घरातील जुना तापमापक किंवा ट्यूबलाइट फुटली, तर तिला हात लावू नका. मोठ्यांना सांगा. तो कचरा नाल्यात टाकू देऊ नका. नाला शेवटी नदीलाच मिळतो.

शब्दार्थ
गाळ – पाण्याच्या तळाशी बसलेली माती
धुराडे – धूर बाहेर जाण्याची उंच नळी
इजा – अपाय

स्वाध्याय
1. पारा राखेपर्यंत कसा पोहोचतो?
2. पाणी स्वच्छ दिसले, तरी धोका का असू शकतो?
3. तुमच्या गावातील नाला कोणत्या नदीला मिळतो? माहिती मिळवून लिहा.