टायटर दोन

नर्सिंगला असताना हिपॅटायटिस बीचे तीन डोस घेतले. शून्य, एक, सहा महिने. कार्डावर तीन शिक्के. कार्ड ट्रंकेत गेलं आणि मी निर्धास्त झाले. आठ वर्षांनी, डायलिसिसची नाइट संपता संपता, सुईला टोपण लावताना ती अंगठ्यात घुसली. पेशंट हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. (वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नसतं, हे नव्या मुलींना मीच शिकवायचे.)

साबण लावून वाहत्या पाण्याखाली अंगठा धुतला, पिळला नाही. टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीची पातळी, तपासला: 2. निदान 10 हवा.

"सिस्टर, तिसऱ्या डोसनंतर किती आला होता?"

केलाच नव्हता. सगळं घोडं तिथंच अडलं. डोस संपल्यावर महिना-दोन महिन्यांत टायटर 10 च्या वर आलेला असेल, तर पुढे तो उतरला तरी निरोगी शरीर विषाणूला ओळखतं. माझी लस लागू पडून उतरली की पडलीच नाही, कोण सांगणार? मग इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडी, घेणं आलं. ते शक्यतो 24 तासांत द्यायचं. आमच्याकडे नव्हतं, नवऱ्याने भर उन्हात जिल्ह्याच्या गावाहून आणलं. त्याच दिवशी दुसऱ्या दंडात लसीचा डोस, म्हणजे नवा कोर्स सुरू.

तो पुरा झाल्यावर दीड महिन्याने टायटर 4.

लस घ्यायच्या आधीच विषाणू अंगात असला तरी असं होतं, म्हणून एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या रक्ताच्या तपासण्या केल्या. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मी मुलीला जवळ घेतलं नाही. उगाच, जवळ घेतल्याने हा आजार पसरत नाही. दोन्ही निगेटिव्ह आल्या.

शंभरातल्या पाच-दहा जणांना पहिला कोर्स लागू पडत नाही. चाळिशी उलटलेली, वजन जास्त, सिगारेट, मधुमेह, किडनीचा आजार, यांत शक्यता वाढते. कधी दोष लसीच्या हाताळणीचा असतो: ती एकदा गोठली की वाया गेली, आणि मोठ्या माणसाला ती दंडातच द्यायची, कुल्ल्यात नाही. माझा पहिला डोस कुठे दिला होता, हे आठवून मला आजही राग येतो. दुसऱ्या कोर्सने बऱ्याच जणांचा टायटर वर येतो. माझा आला नाही.

आता आयकार्डच्या मागे चिठ्ठी चिकटवली आहे: 'बी लस, दोन कोर्स, प्रतिसाद नाही. सुई टोचल्यास इम्युनोग्लोब्युलिन लगेच, आणि महिन्याने पुन्हा.'