आटोक्यात न येणारा दमा : योग्य उपचाराचा शोध

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांसोबत एखाद्या आजाराविषयी माहितीपर लेख देण्याची प्रथा आपल्या रुग्णालयाने सांभाळली आहे. यंदा तीव्र दम्याचा विषय घेण्याचे कारणही जमाखर्चातूनच आले. या आजाराच्या महागड्या इंजेक्शनांसाठी रुग्ण साहाय्य निधीकडे येणारे अर्ज वाढत आहेत. ती कोणाला द्यावीत, कोणाला देऊ नयेत आणि का, हे देणगीदारांना व रुग्णांच्या नातेवाइकांना समजावे, असे आम्हांस वाटते. आम्ही कार्यालयातली माणसे; वैद्यकीय भाग छातीविकार विभागातील डॉक्टरांकडून समजून घेऊन लिहिला आहे.

दमा म्हणजे श्वासनलिकांची दीर्घकाळ राहणारी सूज. धाप ही त्या सुजेची दिसणारी बाजू. म्हणून उपचाराचा पाया आहे तो श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडचा. साल्ब्युटामॉलचा पंप नळी तेवढ्यापुरती मोकळी करतो, सुजेला हात लावत नाही. बहुतेकांचा दमा नियमित औषधाने आटोक्यात राहतो; काहींचा राहत नाही. परंतु आटोक्यात न राहणारा प्रत्येक दमा तीव्र नसतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका अभ्यासात, भारी मात्रेची औषधे चालू असूनही दमा आटोक्यात नाही असे सुमारे १७ टक्के प्रौढ दमा रुग्ण आढळले. त्यांतून औषध नियमित व योग्य पद्धतीने घेणारे तेवढे निवडले, तेव्हा खऱ्या अर्थाने तीव्र दम्याचे रुग्ण ३.७ टक्केच उरले.

म्हणूनच आमच्या दमा चिकित्सालयात पहिल्या भेटीला रुग्णाने घरातील सर्व औषधे पिशवीत भरून आणावयाची असतात. त्या पिशवीतून पुष्कळ काही निघते. श्वासावाटे ओढावयाची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण आजही भेटतात. पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ न बसल्याने औषध घशातच राहते; साध्या स्पेसरने ही अडचण पुष्कळशी दूर होते. एखाद्या आजोबांच्या पिशवीत काचबिंदूसाठी डोळ्यांत घालावयाचे टिमोलॉलचे थेंब असतात, आणि त्या थेंबांनीही श्वासनलिका आवळू शकतात. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या सोसत नाहीत. ‘पंप एकदा लागला की सुटत नाही’ या समजुतीने सुजेचे औषध बंद करून कोजागिरीच्या खिरीतील औषधाची वाट पाहणारेही आहेत. खिरीवर आमचा राग नाही. पंप मात्र बंद करू नये.

बिलांच्या पावत्यांतूनही निदानाला मदत होते, हे आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना विशेष वाटले. तात्पुरत्या आरामाचे तीन किंवा अधिक पंप वर्षात संपत असतील, तर दम्याचा जोरदार झटका येण्याचा धोका वाढतो. महिन्याला एक याप्रमाणे बारा संपत असतील, तर मृत्यूचा धोकाही. दम्यासंबंधीच्या ‘जिना’ या जागतिक संस्थेने २०१९ पासून, केवळ अशा पंपावर कोणत्याही प्रौढ वा किशोरवयीन दमा रुग्णाने विसंबू नये, अशी स्पष्ट शिफारस केली आहे.

निधीकडे इंजेक्शनासाठी आलेल्या अर्जांपैकी एक अर्ज पिठाच्या गिरणीच्या मालकांचा होता. औषधे नियमित, पंपाची पद्धत निर्दोष, तरी वर्षात दोनदा भरती. डॉक्टरांनी त्यांच्या हाती पीक फ्लो मीटर दिले आणि सकाळ-संध्याकाळची नोंद वहीत करावयास सांगितले. गिरणी बंद असण्याच्या दिवशी आकडे चढत. लग्नकार्यासाठी आठवडाभर गावी गेले तेव्हा आणखी चढले. त्वचेवरील चाचणीत गव्हाच्या पिठाची ॲलर्जी निघाली. निदान झाले, पण ज्या जात्यावर घर चालते ते सोडा, असे सांगणे ही सोपी गोष्ट नव्हे. आमच्या समाजसेविका त्यांच्या घरी तीन वेळा गेल्या. अखेर गिरणी पुतण्याकडे देऊन त्यांनी शेजारच्या गाळ्यात स्टेशनरीचे दुकान मांडले. मिळकत पूर्वीपेक्षा कमी आहे. दमा पूर्ण गेलेला नाही, कारण अशा धुळीत अनेक वर्षे काढल्यावर तो सहसा पूर्ण जात नाही. मात्र त्यानंतर भरती करावे लागलेले नाही. इंजेक्शनाचा अर्ज त्यांनी स्वतःच मागे घेतला.

आपल्या देशात आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीची ॲलर्जी फुप्फुसात बसली, तर दमा हटत नाही आणि एक्स-रेवर डाग दिसतात. तो क्षयच समजून महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या घेतलेले रुग्ण येतात. या आजारावर चंदीगडच्या पीजीआय संस्थेत मोठे काम झाले आहे. त्यावर स्टेरॉइड अथवा इट्राकोनॅझोल ही बुरशीविरोधी गोळी चालते. दुसरे म्हणजे रक्तातील इओसिनोफिल पेशी. त्या वाढणे तीव्र दम्यात महत्त्वाचे खरे, पण जंतांमुळेही त्या वाढतात. हत्तीरोगाच्या जंतूमुळे होणारा, रात्री खोकला व धाप आणणारा एक विकार तर डीईसीच्या तीन आठवड्यांच्या स्वस्त गोळ्यांनी बरा होतो.

एवढे सारे पारखून जे उरतात, ते खरे तीव्र दम्याचे रुग्ण. त्यांना आजवर आधार होता तो प्रेडनिसोलोनच्या गोळीचा. हिशेबाच्या वहीत हिच्याइतके स्वस्त औषध नाही, आणि आमच्या मते हिच्याइतके महाग पडणारेही क्वचितच. मधुमेह, मोतीबिंदू, ठिसूळ हाडे हा खर्च पुढच्या वर्षांच्या खात्यावर पडतो. अधूनमधून घेतलेल्या छोट्या मात्राही साठत जातात; बरे, दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी सोडताही येत नाही.

जैविक औषधे नावाने ओळखली जाणारी इंजेक्शने येथे उपयोगी पडतात. ओमालिझुमॅबला अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळाली. ते आयजीई या ॲलर्जीच्या प्रतिपिंडावर काम करते. मेपोलिझुमॅब (२०१५) व बेनरालिझुमॅब (२०१७) इओसिनोफिलच्या मार्गावर काम करतात. म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. शेजारच्या खाटेवरील रुग्णाला गुण आला म्हणून तेच इंजेक्शन आपल्याही रुग्णास द्यावे, असा नातेवाइकांचा आग्रह आम्ही समजू शकतो. परंतु रक्ततपासणी, वजन आणि पूर्वेतिहास पाहूनच निवड होते. सुरू केल्यावर निदान चार महिने वाट पाहून गुण आहे का हे ठरवितात. इंजेक्शन चालू असतानाही पंप सोडावयाचा नसतो.

आता पैशाचा प्रश्न. शस्त्रक्रियेचा खर्च एकदा होतो. येथे तो दर महिन्याला हजारो रुपयांनी, वर्षानुवर्षे होत राहतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. तो निधी शस्त्रक्रिया, प्रसूती, अतिदक्षता यांतच संपतो. मध्येच थांबवावे लागेल असे इंजेक्शन सुरू करावे काय, यावर विश्वस्त मंडळात दोन बैठका झाल्या. एका सन्माननीय विश्वस्तांचे मत होते की चार महिन्यांचा आरामही नाकारू नये. अखेर असे ठरले की एका रुग्णाची पूर्ण वर्षाची रक्कम बाजूला काढल्याखेरीज पहिले इंजेक्शन द्यावयाचे नाही; चार महिन्यांत गुण न आल्यास उरलेली रक्कम यादीतील पुढच्या रुग्णाकडे वळेल. रोज स्टेरॉइडची गोळी घ्यावी लागणाऱ्या किंवा अतिदक्षता विभागातून परतलेल्या रुग्णांना अग्रक्रम आहे. तो क्रम डॉक्टर लावतात; कार्यालय किंवा विश्वस्त त्यात शब्द टाकत नाहीत.

यंत्रासाठी किंवा खोलीसाठी देणगी दिल्यास नावाची पाटी लावता येते, इंजेक्शनावर ती लावता येत नाही, ही अडचण आम्हांस ठाऊक आहे. तरीही ‘एक रुग्ण, एक वर्ष’ या शीर्षाखाली स्वतंत्र खाते उघडले असून त्याचा हिशेब या अहवालात वेगळा दिला आहे. दमा चिकित्सालय दर गुरुवारी सकाळी असते. येताना पिशवी आणावी. रिकामे पंपही टाकून देऊ नयेत, ते मोजावयाचे असतात.